पेटीतले दागिने मोडण्याआधी: धातू, खडा आणि घडण यांचे मोल कसे पाहावे

आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यात दागिन्यांची पेटी वर्षातून दोनदा उघडते. एकदा लग्नसराई जवळ आली म्हणजे, आणि एकदा मृगाच्या तोंडावर, बियाणे-खताची सोय करायची असते तेव्हा. दोन्ही वेळी घाई असते. दागिना रुमालात बांधून तालुक्याला नेला जातो, काट्यावर चढतो, आकडा सांगितला जातो आणि चार पिढ्या हाताळलेली वस्तू अर्ध्या तासात मुशीत विरघळते. माझ्या आजीची एकवीस पुतळ्यांची माळ अशीच गेली. व्यवहारात खोट नव्हती, वजनाप्रमाणे सोने मिळाले आणि त्याच्या दोन पाटल्या घरी आल्या, पण त्या एकवीस पुतळ्यांपैकी एकही उलटून कोणी पाहिली नव्हती. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे, साधारण साडेतीन ग्रॅमचे आणि जवळजवळ चोख सोन्याचे. त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला पुतळी हे नाव पडले, आणि पुढे सोनारांनी तशाच नकला ठोकून माळा घडवल्या. आजीच्या माळेत अस्सल नाणी किती होती आणि नकला किती, हे आता कधीच कळणार नाही. ज्या घरांत अजून पेटी शाबूत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

दागिन्याचे मोल एक नसते. धातूचे वेगळे, खड्याचे वेगळे, घडणीचे वेगळे आणि तो कोणाचा, केव्हाचा, कसा आला या माहितीचे वेगळे. ही चारही मोले इतिहासात एकत्र चढली-उतरली नाहीत. एक चढत असताना दुसरे कोसळले, असे अनेकदा घडले आहे. म्हणून दागिना पाहताना ही चार खाती मनात वेगळी ठेवावीत आणि वहीतही वेगळीच लिहावीत.

आधी वही, मग काटा

सकाळच्या उजेडात ओट्यावर किंवा खिडकीजवळ पांढरे धुतलेले कापड पसरावे आणि सगळे दागिने एकेक करून त्यावर मांडावेत. या वेळी काहीही घासू-पुसू नये. चांदीवरची काळपट छटा आणि नक्षीच्या खाचांत साठलेली मळी यांवरूनही जाणकाराला दागिन्याचे वय सांगता येते, आणि घासताना नाजूक रवा किंवा सैल खडा निघून जाण्याचे भय असते. प्रत्येक दागिन्याला क्रमांक द्यावा. समोरून, पाठीमागून आणि फासा-कडीजवळून असे तीन फोटो काढावेत, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो.

नाव लिहिताना घरात जे म्हणतात तेच लिहावे. एकदाणी, गहूपोत, डोरले, बोरमाळ, सरी, ठुशी, वजरटीक, गोट, पाटल्या, आणि चांदीत तोडे, वाळे, पैंजण, जोडवी, विरोल्या, मासोळ्या, करदोडा. नुसते ‘सोन्याचा हार, एक’ असे लिहिले तर पुढच्या पिढीला त्यातून काहीच कळत नाही. मग घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसावे आणि प्रत्येक दागिना तिच्या हातात देऊन विचारावे की हा माहेरचा की सासरचा, कोणत्या लग्नात आला, कधी गहाण पडला होता का आणि कोणत्या वर्षीच्या कापसावर सुटला. हात दागिन्यावर फिरू लागला की आठवण येते, हा माझा अनुभव आहे. फोटो दाखवून विचारले तर निम्मेच आठवते.

वजनासाठी शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता स्वस्तात मिळतो. जुन्या कागदांवर मात्र वजन तोळे, मासे आणि गुंजांत असते. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि चांदीचा रुपयाही नेमक्या त्याच वजनाचा पाडला जाई. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली आणि बाजाराने हळूहळू दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. या एका शब्दाने अनेक घरांत भांडणे लावली आहेत. आजोबांच्या टिपणात ‘दहा तोळे’ लिहिले असेल तर ते ११६.६ ग्रॅम होतात, आणि आजच्या हिशेबाने दहा तोळे म्हणजे १०० ग्रॅम. मधले साडेसोळा ग्रॅम कोणी चोरलेले नसतात, फक्त तोळा बदललेला असतो.

सोने: वयावरून कस, कसावरून भाव

२२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग चोख सोने, हजारात ९१६. १८ कॅरेट म्हणजे ७५० आणि १४ कॅरेट म्हणजे ५८५. दागिन्यावर काय छापले आहे ते भिंगाने पाहावे. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्ष दाखवणारे इंग्रजी अक्षर असे पाच शिक्के असत. त्यात पहिले अक्षर २००० सालासाठी, दुसरे २००१ साठी, असा क्रम होता. २०१७ पासून वर्षाचे अक्षर गेले. २०२१ च्या जुलैपासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा नवा दागिना विकण्यास मनाई झाली. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. जुना शिक्का असलेला दागिना यामुळे बाद होत नाही.

‘केडीएम’ असा शिक्का पाहून पुष्कळ लोक निश्चिंत होतात, ती चूक आहे. केडीएम म्हणजे सांधा जोडण्यासाठी वापरलेला कॅडमियमचा डाक. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक म्हणून ती पद्धत मागे पडली. सोन्याच्या शुद्धतेची हमी त्या शिक्क्यात नसते.

शिक्काच नसलेल्या दागिन्याचे वय ठरवणे महत्त्वाचे आहे, कारण कस काळाप्रमाणे बदलला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली. ही बंदी पुढे काही वर्षांत सैल झाली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालू राहिले आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. चीनशी युद्ध झाले होते, परकीय चलन वाचवायचे होते, हे कारण समजण्यासारखे होते. पण खेड्यापाड्यांतल्या सोनारांच्या भट्ट्या त्या काळात थंडावल्या आणि कित्येक घरांनी पिढीजात धंदा सोडला, हेही तितकेच खरे आहे. तुमच्या घरी साठच्या दशकातल्या लग्नातले दागिने असतील तर ते कमी कसाचे निघण्याची शक्यता धरावी, आणि त्यावरून तेव्हाच्या सोनाराला बोल लावू नये. त्याच्या आधीच्या काळातले वेढणे किंवा पुतळी मात्र आजच्या २२ कॅरेटपेक्षाही चोख निघू शकते.

भरीव दागिन्याची पहिली परीक्षा घरीच करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. दागिना बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा, पण तळाला किंवा काठाला न टेकता, हातात धरून लोंबकळत ठेवावा. काटा जो आकडा दाखवेल तो दागिन्याचे घनफळ आहे. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागावे. समजा गोट २३.४० ग्रॅमचा आहे आणि पाण्यात काटा १.३२ दाखवतो, तर भागाकार १७.७ येतो. २२ कॅरेट सोन्याचा भागाकार साडेसतरा ते अठराच्या दरम्यान येतो, १८ कॅरेटचा पंधरा-सोळाच्या आसपास, १४ कॅरेटचा तेरा-चौदाच्या आसपास. चोख सोन्याचा १९.३ आहे, चांदीचा साडेदहा आणि पितळेचा साडेआठ. बुडवताना हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नयेत. या परीक्षेला दोन मर्यादा आहेत. टंगस्टन धातूची घनता सोन्याइतकीच असल्यामुळे आत तो घातला असेल तर फसगत होते. आणि पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही परीक्षा लागूच पडत नाही.

लाखेचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. बोरमाळेचे मणी, एकदाणीचे मोठे मणी, वजरटीक हे बहुधा सोन्याच्या पातळ पत्र्याचे असतात आणि पत्रा चेपू नये म्हणून आत लाख भरलेली असते. काट्यावर दिसते ते वजन सोने, लाख आणि दोरा या तिघांचे. मोडताना लाख जाळल्यावर वजन किती भरते ते समोर उभे राहून पाहावे. अंदाजाने वजावट करून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. माझ्या चुलतीच्या बोरमाळेची एका पेढीवर अंदाजाने वजावट सांगितली गेली होती. दुसरीकडे लाख जाळून वजन केले तेव्हा सोने त्या अंदाजापेक्षा जास्त भरले.

खात्रीचा मार्ग म्हणजे ब्यूरोची मान्यता असलेले तपासणी व हॉलमार्किंग केंद्र. तेथे सामान्य ग्राहकालाही माफक शुल्कात जुना दागिना तपासून लेखी अहवाल मिळतो. क्ष-किरणांच्या यंत्रावर दागिना न कापता कस कळतो, पण ते यंत्र पृष्ठभागच वाचते, म्हणून मुलामा असलेल्या वस्तूवर दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगावे.

आता भावाचे. देशात १० ग्रॅम सोने १९७० मध्ये साधारण १८४ रुपये होते, १९८० मध्ये १,३०० च्या पुढे, १९९० मध्ये ३,२०० च्या आसपास, २००० मध्ये ४,४००, २०१० मध्ये १८,५०० आणि २०२० मध्ये ४८,००० च्या घरात. एप्रिल २०२५ मध्ये त्याने एक लाखाचा आकडा गाठला. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले बंधन तोडले, आणि त्याआधी औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला भाव मोकळा झाला, हे या चढाचे मोठे कारण. आमच्या भागातले जुने शेतकरी सांगतात की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला क्विंटलभर कापसात तोळाभर सोने येत असे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. एप्रिल २०२५ चा लाखाचा भाव धरला तर दहा ग्रॅमला बारा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. आजी-आजोबांनी घेतलेला दागिना आज आपण पुन्हा घेऊ शकत नाही, याचा अर्थ या हिशेबात आहे, आणि मोडण्याचा निर्णय करताना तो डोळ्यांपुढे असावा असे मला वाटते.

चांदी: कारभाऱ्याच्या पायातली नव्हे, कारभारणीच्या पायातली बँक

वऱ्हाडात १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला आणि त्या पैशाचा मोठा भाग चांदीच्या रूपाने बायकांच्या हातापायांत गेला. ती खरोखरच बँक होती. कारण १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, आणि म्हणून तोड्यांचे वजन आणि रुपयांची संख्या यांचे नाते जवळजवळ पक्के होते. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत पोहोचले. १८७३ नंतर मात्र जर्मनी आणि अन्य देशांनी चांदीचे चलन सोडले, जगात चांदी स्वस्त होत गेली, आणि जून १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळीची दारे बंद केली. रुपयाचा भाव कृत्रिमपणे टिकला, पण तोड्यातली चांदी नुसती बाजारातली वस्तू उरली. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. ज्या बाईने त्या वर्षी पायातले तोडे काढून दिले, तिला तिच्या सासूच्या काळातल्या दुष्काळापेक्षा पुष्कळ कमी रुपये मिळाले. चांदी तीच, वजन तेच, घडणही तीच. मोल बदलले ते दूर कोठेतरी झालेल्या एका निर्णयाने. दागिन्यांच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत जास्त बोलका वाटतो, कारण तो आपल्या घरांत घडला आहे.

त्यामुळे चांदीच्या दागिन्यात रुपये ओवलेले असतील तर ते वितळवण्याआधी प्रत्येकाचे साल वाचावे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅमपैकी बारातले अकरा भाग, म्हणजे १०.६९ ग्रॅम चोख चांदी आहे. किलोला लाखाचा भाव धरला तरी तिची किंमत १,०६९ रुपये होते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. म्हणजे एकाच माळेतल्या सारख्या दिसणाऱ्या नाण्यांत तीन प्रकारचे मोल असू शकते. शिवाय काही साले दुर्मीळ आहेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया नाणेसंग्राहक मोठ्या किमतीला घेतात. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपयाही शोधला जातो. त्यावर राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने तो मागे घेऊन दुसऱ्या वर्षी चित्र सुधारले. नाण्याला कडी डाकली असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते, पण दुर्मीळ साल असेल तर तरीही ती धातूच्या वर राहते. कडी काढण्याचा किंवा नाणे घासून चमकवण्याचा प्रयत्न घरी करू नये.

जुन्या तोड्या-वाळ्यांच्या चांदीचा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, गावागावांत वेगळा असे. खामगावची चांदी आपल्या भागात शुद्धतेसाठी नावाजलेली आहे आणि जुन्या चांदीची पारख करणारे लोक तेथे मिळतात. जर्मन सिल्व्हर म्हणतात तो धातू दिसायला चांदीसारखा, पण त्यात चांदी नसते. वर सांगितलेली पाण्याची परीक्षा त्याला लगेच उघडा पाडते, कारण त्याचा भागाकार नऊच्याही खाली येतो.

खडे: येथे सर्वांत जास्त सावध राहावे

खड्यांचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला दगडांची वर्तुळे रचून मृतांना पुरणाऱ्या लोकांच्या वस्तीत आणि तिच्यानंतरच्या काळातल्या थरांत अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे मणी आणि ते घडवण्याच्या खुणा सापडल्या आहेत. हे दगड आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडला पूर्वी हिऱ्यांची खाण होती आणि अकबराच्या काळच्या नोंदींत तिचा उल्लेख आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव भागापर्यंत जगाला हिरा मुख्यतः भारतातूनच मिळत असे. मग १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, आणि १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेत इतके निघू लागले की भाव सांभाळण्यासाठी खाणमालकांना १८८८ मध्ये एकत्र येऊन डी बीअर्स कंपनी उभारावी लागली. म्हणजे हिऱ्याचा भाव पुढे शंभर वर्षे टंचाईपेक्षा नियंत्रणावर टिकला.

दुर्मीळता गेली की खड्याचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मोत्याचे आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला कार्टिये या जवाहिऱ्याने दोनपदरी मोत्यांच्या माळेच्या बदल्यात शहराच्या मोक्याच्या रस्त्यावरचा आख्खा वाडा मिळवला. माळेची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. त्याच सुमारास जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढवण्याची पद्धत बाजारात आणली, आखाती देशांतला मोती काढण्याचा धंदा बुडाला आणि १९५७ मध्ये तीच माळ लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेली. नीलमण्याइतका मान असलेला जांभळा अॅमेथिस्ट ब्राझीलच्या साठ्यांमुळे सामान्य झाला. १९०२ मध्ये व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि नंतर घडलेल्या आपल्याकडच्या नथी-कुड्यांतले पुष्कळसे लालभडक ‘माणिक’ त्या रीतीचे किंवा नुसत्या काचेचे आहेत. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याने हाच प्रकार पुन्हा चालवला आहे. रासायनिकदृष्ट्या तो हिराच आहे, डोळ्यांनी फरक कळत नाही, आणि गेल्या दहा वर्षांत त्याचा भाव अनेक पटींनी उतरला आहे.

म्हणून घरातल्या खड्याबद्दल ‘आजीच्या काळचा, म्हणजे खराच’ असे गृहीत धरू नये. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, भर उजेडात, खडा फिरवत पाहावा. गोल बुडबुडे किंवा ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या वळणदार रेषा दिसल्या तर तो बहुधा काचेचा किंवा कृत्रिम आहे. अगदी निर्दोष मोठ्या माणकावर किंवा पाचूवर विश्वास ठेवण्याआधी दोनदा थांबावे, कारण खऱ्या पाचूत भेगा आणि डाग जवळजवळ असतातच. मोती दातांवर हलकेच घासला तर खऱ्याला किंचित खरखर जाणवते आणि प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो, पण समुद्रातला आणि वाढवलेला यांतला फरक यावरून कळत नाही, त्यासाठी क्ष-किरण लागतात. खड्याने काच ओरखडून पाहण्याची सवय सोडावी. साधी गारगोटीही काच कापते, आणि खऱ्या खड्याची धार त्यात तुटू शकते.

कुंदनाच्या किंवा पाठ बंद असलेल्या जुन्या जडावात खड्याखाली चकाकीसाठी पातळ वर्ख घातलेला असतो. असा दागिना रिठ्याच्या पाण्यात बुडवला की ओल आत जाते, वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसू लागतो. मोती आणि पोवळे लिंबू, चिंच, दही यांच्या आंबटपणाने झिजतात. या दोन चुका मी आमच्या नात्यातच झालेल्या पाहिल्या आहेत आणि दोन्ही दुरुस्त झाल्या नाहीत.

ग्रहाचा म्हणून घेतलेला खडा विकायला गेल्यावर दिलेल्या रकमेचा लहानसा हिस्साच परत मिळतो. मोठा खडा असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा आणि तो दागिन्यासोबत ठेवावा. लहान, चुरा खड्यांसाठी तो खर्च करू नये.

घडण

नव्या दागिन्यात मजुरी वेगळी मोजली जाते आणि मोडताना ती पूर्ण बुडते, हे सर्वांना माहीत आहे. पण जुन्या हाताच्या कामाला धातूपलीकडे किंमत देणारे लोक आहेत, आणि ते तालुक्याच्या पेढीवर भेटत नाहीत. सुबक वजरटीक, जाळीदार नक्षीचे तोडे किंवा आता कोणी न घडवणारा एखादा दागिना असेल तर नागपूरच्या इतवारी सराफ्यातल्या दोन-तीन जुन्या पेढ्यांवर, आणि जमल्यास एखाद्या संग्रहालयातल्या माणसाला दाखवावा. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले गेले. हत्ती-घोडे तर येथेच पडेल भावात गेले. राजघराण्याचे ऐश्वर्य एकदम आणि घाईने बाजारात आले की खरेदीदार भाव ठरवतो. शेतकऱ्याच्या पेटीलाही हेच लागू आहे.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना मणी, नाणी, दागिने सापडले तर ते वेगळ्या कायद्याखाली येतात. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते गुपचूप सराफाकडे नेले तर गुन्हा होतो, आणि इतिहासाचा पुरावाही मुशीत जातो.

विकायचे, गहाण ठेवायचे किंवा वाटायचे झाल्यास

विकणे अटळ असेल तर तपासणी केंद्राचा अहवाल हातात घेऊन एकाच दिवशी तीन ठिकाणी विचारावे, कारण भाव रोज बदलतो. प्रत्येक ठिकाणी एकूण वजन, खडे-लाख-दोरा वजा जाता निव्वळ वजन, धरलेला कस, त्या दिवसाचा भाव आणि घट असे पाच आकडे मागावेत. ‘एवढे देतो’ असा एकच आकडा सांगणाऱ्याकडून उठावे. वितळवायचे असेल तर समोर वितळवावे. हॉलमार्क नसलेला जुना दागिना सराफाला विकत घेता येतो. हॉलमार्कची सक्ती त्याने विकण्यावर आहे, तुमच्यावर नाही.

गहाण ठेवताना बँक किंवा परवानाधारक सावकारच निवडावा. सोन्याच्या दागिन्यावर कर्ज निव्वळ सोन्यापुरतेच मिळते, खड्यांची किंमत धरली जात नाही. म्हणून जडावाचा दागिना तारण देणे तोट्याचे आहे, साध्या पाटल्या-गोट द्यावेत. पावतीवर दागिन्याचे नाव, नग, दोन्ही वजने आणि शक्य असेल तर फोटो असावा. सुटून आल्यावर तेथेच वजन करून घ्यावे.

वाटणीत नुसत्या वजनावर भागू नये. धातूची किंमत एका स्तंभात, खड्यांची दुसऱ्यात लिहावी आणि घडणीसाठी कोणाला काय जपायचे आहे ते आधी विचारावे. पुष्कळदा एका मुलीला आईची नथच हवी असते आणि तिच्या बदल्यात ती सोने सोडायला तयार असते. बाईच्या अंगावरचे तिचे स्वतःचे दागिने हे तिचे स्त्रीधन आहे. ती हयात असताना ते वाटणीच्या ढिगात घालू नयेत. वारशाने आलेले दागिने २००१ च्या आधीचे असतील तर विक्रीवरच्या कराच्या हिशेबात १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यकाराचे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक पेटीत न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये किंवा जमिनीच्या कागदांसोबत ठेवावी आणि दुसरी घरातल्या लेकीकडे किंवा सुनेकडे द्यावी. एखादा दागिना पुढे मोडलाच तर त्याच्या पानावर तारीख, वजन, मिळालेली रक्कम आणि ती कशासाठी लागली हे लिहावे, आणि पान फाडू नये. आमच्या वहीत पहिले पान पुतळ्यांच्या माळेचे आहे. त्यावर फोटो नाही, वजनही नाही. आत्याला आठवले तेवढेच लिहिले आहे: एकवीस पुतळ्या, लाल गोंडा, आजीच्या माहेरून आलेली.